इराणी गालिचा आणि काशीचा शेजार

संकठा घाटाच्या पायऱ्या चढून संकठादेवीच्या देवळाकडे वळले की अरुंद गल्लीत एक जुना मराठी वाडा लागतो. आपल्या मंडळाचा गणपती कित्येक वर्षे याच वाड्याच्या दिवाणखान्यात बसत आला. मखरापुढे अंथरला जाणारा तांबडा गालिचा जुन्या सभासदांच्या स्मरणात असेलच. मधोमध मोठे पदक, चार कोपऱ्यांत त्याच पदकाचे पाव पाव भाग, भोवती वेलबुट्टीची रुंद किनार. हा गालिचा खास इराणचा, पेशवाईच्या अखेरीस घराण्याच्या मूळपुरुषाबरोबर काशीला आला, असे वाड्यात सांगत. मंडळाच्या साहित्याच्या नोंदवहीतही ‘इराणी गालिचा, नग १’ अशी नोंद आहे.

काही वर्षांपूर्वी वाड्याचे छप्पर पावसाळ्यात खचले. दुरुस्तीचा खर्च घरच्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. २०१३ साली न्यूयॉर्कच्या लिलावात किरमानचा सतराव्या शतकातील एक गालिचा तीन कोटी सदतीस लाख डॉलरांना विकला गेल्याची बातमी कोणी तरी वाचून दाखवली होती. साहजिकच सर्वांची दृष्टी मखरापुढच्या गालिच्याकडे वळली. नोकरीच्या निमित्ताने माझे भदोही-मिर्झापूरकडे जाणे-येणे असे, म्हणून वाड्यातील काकूंनी मला बोलावून सांगितले, “तुम्ही त्या लोकांत वावरता. एकदा नीट बघून सांगा, खरा आहे ना?” त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे वाचले, पाहिले आणि ऐकले, ते सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम शब्दच पाहू. फारसीत ‘काली’ म्हणजे मोठा गालिचा आणि ‘कालीचा’ म्हणजे त्याचे लहान रूप. मराठीने यातील लघुरूप उचलले आणि दिवाणखानाभर पसरणाऱ्या भल्या मोठ्या वस्तूलाही आपण ‘गालिचा’च म्हणू लागलो. सतरंजी, जाजम आणि गालिचा यांतील भेद मात्र आपल्या आजीबाईंनाही ठाऊक होता. सतरंजी नुसत्या ताण्याबाण्याने विणली जाते. गालिच्यात उभ्या ताण्याच्या दोन दोन धाग्यांना लोकरीचा तुकडा गाठ मारून अडकवतात आणि त्याची टोके वर सोडतात. गाठींची एक ओळ झाली की आडवा बाणा घालून पंजाने ठोकतात आणि मग दुसरी ओळ सुरू होते. वर राहिलेली टोके कात्रीने सारखी केली की मऊ लव तयार होते. गालिच्याचे सारे चित्र या गाठींत असते. प्रत्येक गाठ म्हणजे रंगाचा एक ठिपका, आणि तो ठिपका कोणी तरी बोटांनी बांधलेला असतो.

ही विद्या फार जुनी आहे. १९४९ साली रुदेंको या रशियन संशोधकाला अल्ताई पर्वतातील पाझिरिक येथे बर्फात गोठलेल्या थडग्यात एक गालिचा सापडला. तो इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकातील मानला जातो. सुमारे दोन मीटर लांबीच्या त्या तुकड्यावर घोडेस्वारांची आणि हरणांची रांग आहे. तो नेमका कोठे विणला गेला याविषयी विद्वानांत एकमत नाही, पण त्यातील सफाई पाहता ही कला त्याही काळी बाल्यावस्थेत नव्हती हे उघड आहे. पुढे सासानी सम्राटांच्या तेसिफोन येथील प्रासादात वसंतऋतूतील बागेचे चित्र असलेला एक अवाढव्य गालिचा होता, असे जुने इतिहासकार सांगतात. ६३७ साली अरब सैन्याने ते नगर जिंकले तेव्हा त्याचे तुकडे करून लूट म्हणून वाटले गेले. वाळवंटाच्या कडेला राहणाऱ्या लोकांनी बाग पायाखाली अंथरावी, ही कल्पना मात्र तुकडे होऊनही टिकली. इराणी गालिच्याचे पुढील हजार वर्षांचे संकल्पन याच कल्पनेभोवती फिरत राहिले.

या कलेचा सुवर्णकाळ सफावी राजवटीत आला. शाह तहमास्प (१५२४-१५७६) स्वतः चित्रकलेचा जाणकार होता. त्याच्या काळात एक महत्त्वाचा बदल घडला. पूर्वी विणकर आपल्या स्मरणातील भौमितिक आकृत्या विणत असे. आता पोथ्यांची पाने सजवणारे दरबारी चित्रकार गालिच्याचा आराखडा काढू लागले. पोथीच्या पुठ्ठ्यावरील मध्यपदक आणि कोपऱ्यांची नक्षी जशीच्या तशी लोकरीत उतरली. इराणी लोक तिला ‘लचक-तुरंज’ म्हणतात. मशिदीच्या घुमटाखाली उभे राहून वर पाहावे आणि तेच वर्तुळ पायाखाली दिसावे, असा या रचनेचा थाट आहे. चौबागेचे पाट, सुरूचे वृक्ष, शिकारीची दृश्ये, हिऱ्याच्या आकाराच्या फुलाभोवती वळणाऱ्या पानांची ‘माही’ म्हणजे मासोळी नक्षी, आणि आपल्या पैठणीच्या पदरावर व शालीच्या काठावर घरोब्याची झालेली कोयरी, हे सारे त्या आराखड्यांत आढळते.

यातील शिरोमणी म्हणजे अर्दबीलचा गालिचा. तो लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. लांबी साडेदहा मीटर, रुंदी सव्वापाच मीटरांहून थोडी अधिक, ताणाबाणा रेशमाचा आणि लव लोकरीची. दर चौरस इंचात सुमारे ३४० गाठी, म्हणजे एकूण अडीच कोटींहून अधिक. एका विणकराने दिवसाला सहा हजार गाठी मारल्या असे धरले, तर एकही सुटी न घेता एकट्याला अकरा वर्षांहून अधिक काळ लागला असता. एवढ्या कामात रंग वापरले ते अवघे दहा. एका टोकाला हाफिजचा एक शेर आहे आणि त्याखाली दरबाराचा सेवक म्हणून काशानच्या मकसूदचे नाव व हिजरी ९४६, म्हणजे १५३९-४०, हे वर्ष विणलेले आहे. मकसूद हा बहुधा आराखडा व देखरेख यांचा प्रमुख असावा. ज्यांनी त्या कोट्यवधी गाठी मारल्या त्यांचे एकही नाव गालिच्यावर नाही. १८९३ साली संग्रहालयाने तो दोन हजार पौंडांना घेतला. या खरेदीचा आग्रह धरणाऱ्यांत कवी आणि कलावंत विल्यम मॉरिस हे होते. त्याचे एक जुळे भावंडही होते. एकाच्या डागडुजीसाठी दुसऱ्याचे तुकडे वापरले गेले. ते खंडित भावंड आज लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे.

रंगांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण गालिच्याचे वय पुष्कळदा रंगच सांगतात. तांबडा रंग मंजिष्ठाच्या मुळांचा, निळा निळीचा, पिवळा रानफुलांचा किंवा डाळिंबाच्या सालीचा, तपकिरी अक्रोडाच्या सालीचा. रंग लोकरीत धरून राहावा म्हणून तुरटीचे पाणी देत. काळ्या-तपकिरी छटेसाठी लोहाचा अंश वापरावा लागे आणि तो लोकरीला हळूहळू खाऊन टाकतो. म्हणून अस्सल जुन्या गालिच्यात काळ्या रेषा झिजून खाली बसतात आणि शेजारची फुले उठावदार दिसू लागतात. एका घाणीची लोकर संपून दुसरी घेतली की छटा किंचित बदलते व अंगावर फिकट-गडद पट्टे उमटतात. इराणी विणकर त्याला ‘अब्रश’ म्हणतो आणि दोष मानीत नाही. १८५६ साली पर्किन या तरुण इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला डांबरापासून जांभळा रंग मिळाला. त्यानंतर स्वस्त रासायनिक रंगांची लाट पूर्वेकडे आली. त्यांतील आरंभीचे रंग उन्हाने उडत आणि पाण्याने पसरत. तांबड्याची लाली शेजारच्या पांढऱ्यात उतरलेली दिसली, तर तो गालिचा पेशवाईतला असण्याचा संभव नाही.

हिंदुस्थानात ही कला कशी रुजली याचा लिखित पुरावा अबुल फझलच्या ‘ऐन-ई-अकबरी’त आहे. अकबराने आग्रा, फतेहपूर आणि लाहोर येथे कारागीर वसवले आणि उत्तम काम होऊ लागले, असे तो लिहितो. एका गालिच्याला १८१० रुपये खर्च आला, पण जाणकारांनी त्याची किंमत २७१५ रुपये केली, असा हिशेबही त्याने दिला आहे. तरीही जोशकान, खुजिस्तान, किरमान आणि सब्जवार येथून गालिचे येतच राहिले, हे सांगायलाही तो विसरत नाही. इराणी मालाचे वेड आणि देशी कारागिराचे कौतुक ही दोन्ही सव्वाचारशे वर्षांपूर्वीही एकाच पानावर नांदत होती.

दक्षिणेतही तेच घडले. विजापूरच्या दरबारात इराणी विद्वान, शिपाई आणि व्यापारी यांचा मोठा भरणा होता. तेथील आसार महालात सतराव्या शतकातील काही गालिचे जतन होऊन राहिले. त्यांचे पुढील भाग्य मोठे विलक्षण आहे. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनानंतर हिंदी गालिच्यांना युरोपात मागणी वाढली आणि इंग्रज सरकारने तुरुंगातील कैद्यांना या कामास जुंपले. पुण्याजवळच्या येरवडा तुरुंगातील मागांवर आसार महालातील जुन्या गालिच्यांचे नमुने विणले जाऊ लागले. ट्विग नावाच्या अधिकाऱ्याने १९०७ साली मुंबई इलाख्यातील गालिचेकामावर जो निबंध लिहिला, त्यात या उद्योगाचे वर्णन आहे. आग्र्याच्या तुरुंगात तर व्हिक्टोरिया राणीसाठी विंडसरच्या वॉटर्लू दालनाचा अखंड, सांधा नसलेला प्रचंड गालिचा तयार झाला. सर जॉर्ज बर्डवुड यांनी मात्र आपल्या १८८० च्या ग्रंथात तुरुंगातील मालाने स्वतंत्र विणकरांचा धंदा व कस दोन्ही बुडवले, अशी कडक टीका केली. ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. तरीपण विजापूरची नक्षी येरवड्याच्या कैद्याच्या बोटांतून पुन्हा जन्मली, हेही खरे.

मराठी राजघराण्यांचा या विषयाशी आलेला संबंध सांगताना बडोद्याच्या मोत्यांच्या गालिच्याचा उल्लेख टाळता येत नाही. खंडेराव महाराज गायकवाड (कारकीर्द १८५६-१८७०) यांनी मदिनेतील पैगंबरांच्या कबरीसाठी तो करवून घेतला. हिंदू राजाने ही भेट संकल्पावी, यातच त्या काळाचे एक चित्र आहे. सुमारे वीस लाख बसरा मोती आणि हिरे, माणके, पाचू यांनी तो मढवलेला आहे. महाराजांच्या निधनामुळे ती भेट मदिनेला गेलीच नाही. १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या प्रदर्शनात तो लोकांनी पाहिला आणि २००९ साली दोहा येथे पंचावन्न लाख डॉलरांच्या आसपास विकला गेला. शास्त्राने पाहता तो गालिचा नव्हे. त्यात एकही गाठ नाही, सारे भरतकाम आहे. नक्षी मात्र त्याच इराणी-मोगल कुळातील.

आता आपल्या शेजाराकडे येऊ. काशीहून पश्चिमेला चाळीस-पन्नास किलोमीटरांवर भदोही आहे आणि गंगेच्या पलीकडे मिर्झापूर. ग्रँड ट्रंक रस्त्याने जाणाऱ्या काही इराणी कारागिरांना या भागात लुटारूंनी गाठले, गावकऱ्यांनी त्यांना आसरा दिला आणि त्या उपकाराच्या बदल्यात त्यांनी ही कला शिकवली, अशी कथा तेथे सांगतात. तिला कागदोपत्री आधार नाही. परंतु आश्रय आणि विद्या यांची ही देवाणघेवाण काशीच्या परिसरात कोणालाही अशक्य वाटू नये. एकोणिसाव्या शतकात इंग्रज व्यापाऱ्यांनी येथे पेढ्या काढल्या. ओकली, बोडेन आणि टेलर या तिघांच्या आद्याक्षरांवरून नाव घेतलेली ओबीटी ही मिर्झापूरची कंपनी १९२० ची. काशान, किरमान, तब्रीझ ही नावे येथे गावांची न राहता नमुन्यांची झाली. १९८७ साली अमेरिकेने इराणी मालाच्या आयातीवर बंदी घातली आणि तेथील दिवाणखान्यांत इराणी नक्षीचे हिंदी गालिचे अधिकच पोहोचले. २००० साली गालिच्यांपुरती ही बंदी उठली, २०१० मध्ये पुन्हा आली, २०१६ मध्ये सैल झाली आणि २०१८ मध्ये परत लागू झाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर पन्नास टक्के आयातकर लावला, तेव्हा आघात भदोहीवर झाला. दूरच्या राजधानीतील एका सहीने अन्सारी वस्तीतील माग थांबतो किंवा चालतो.

भदोहीच्या इतिहासातील एक काळे पान झाकून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. येथे वर्षानुवर्षे लहान मुले मागावर बसली. त्यांतील अनेक मुले बिहारमधून कर्जापोटी आणलेली होती. “बारीक गाठीला बारीक बोटेच लागतात,” असे समर्थन मी स्वतः ऐकले आहे. ते निखालस खोटे आहे. बारीक गाठीला लागते ती वर्षांची सवय आणि स्थिर नजर, आणि ती प्रौढ कारागिराकडे असते. मुलांना बसवत ते त्यांना मजुरी कमी द्यावी लागे म्हणून. १९८६ च्या कायद्याने गालिचेकाम मुलांना मना केलेल्या धंद्यांत घातले. १९९४ च्या सुमारास कैलाश सत्यार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून मुलांचे श्रम नसल्याची ग्वाही देणारे चिन्ह गालिच्यांवर आले. सत्यार्थींना २०१४ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. अशा वस्तूच्या सौंदर्याविषयी बोलताना ती कोणाच्या हातून झाली, हा प्रश्न मागे ठेवता येत नाही.

अशी थोडी तयारी करून मी वाड्यातील गालिचा तपासायला बसलो. बरोबर भदोहीचे एक वयोवृद्ध कारागीर होते. त्यांना सारे चाचा म्हणतात. गालिचा पाहायला माणूस त्याची लव पाहतो, पण चाचांनी आल्या आल्या तो उलटा करायला सांगितला. पाठीवर हात फिरवून ते क्षणभर गप्प राहिले. मग एकेक गोष्ट दाखवू लागले. ताणा गिरणीच्या सुताचा, सगळीकडे एकसारखा जाड. लोकर कोरडी, आखूड धाग्याची, इराणी पहाडी मेंढीची चमक तिला नाही. गाठी मोठ्या. एका कोपऱ्यात तांबड्याची लाली पांढऱ्या फुलात पसरलेली. मध्यपदकाचा डावा भाग उजव्यापेक्षा बोटभर बसका होता. “इथे दोघे शेजारी बसले होते,” चाचा म्हणाले, “डाव्याचा पंजा जड होता.” शेवटी किनारीतील एका पानाच्या वळणावर बोट ठेवून ते हसले. ते वळण त्यांच्या वडिलांच्या नकाशातही होते म्हणे.

तात्पर्य, गालिचा इराणचा नव्हता आणि पेशवाईचाही नव्हता. फार तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तो याच मुलखात, बहुधा भदोहीच्या आसपास विणला गेला होता. छप्पर तर दूरच, एका खोलीची दुरुस्ती निघेल एवढीही किंमत त्याला येणार नव्हती. काकूंना हे सांगणे मला जड गेले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग चाचांकडे वळून त्यांनी विचारले, “म्हणजे हा तुमच्याकडचाच?” चाचांनी मान डोलावली. “मग चहा घेतल्याशिवाय जायचे नाही,” एवढेच त्या म्हणाल्या. त्या संध्याकाळी चाचांनी आपल्या झोळीतून सुई आणि लोकर काढून झिजलेला कोपरा विनामूल्य सांधून दिला. छप्पर पुढे आपल्या सभासदांच्या वर्गणीतून उभे राहिले, हे सर्वांना ठाऊक आहेच.

त्या दिवसापासून मी या गालिच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहतो. आराखडा सफावी चित्रकारांचा, लोकर या देशातील, गाठी भदोहीच्या, आणि वर विराजमान मराठी गणपती. संकठा घाटाच्या एका अंगाला शिंदे घाट, दुसऱ्या अंगाला थोड्याच अंतरावर भोसले घाट आणि त्यापुढे अमृतराव पेशव्यांचा गणेश घाट. आपल्या पूर्वजांनी दूरदेशी येऊन हे दगड रचले आणि त्यांची मुलेनातवंडे काशीकर झाली. तरी आपण मराठीच आहोत असे आपण म्हणतो आणि ते खोटे नाही. मग नक्षी इराणहून आली म्हणून भदोहीच्या विणकराचे काम ‘नक्कल’ का म्हणावे? २०२३ साली दिल्लीतील नव्या संसद भवनासाठी भदोही-मिर्झापूर भागातील सुमारे नऊशे कारागिरांनी साठ कोटींच्या आसपास गाठी मारून गालिचे विणले. लोकसभेत मोर आणि राज्यसभेत कमळ. ती नक्षी इराणची नाही, पण गाठ मारण्याची रीत चारशे वर्षांपूर्वीचीच आहे.

मकसूद काशानीने आपले नाव विणून ठेवले म्हणून तो आपल्याला माहीत आहे. आपल्या गालिच्यावर जड पंजाचा तो डावा विणकर आणि त्याचा उजवा सोबती यांची नावे आता कधीच कळणार नाहीत. निदान त्यांचे गाव तरी बरोबर लिहिले जावे. सुवर्णमहोत्सवी वर्षात कार्यकारिणीला माझी एकच विनंती आहे. साहित्याच्या नोंदवहीतील ‘इराणी’ हा शब्द काढून तेथे ‘भदोही’ असे लिहावे, आणि नव्या सभासदांना गणपतीपुढचा गालिचा दाखवताना त्याचा एक कोपरा उलटून दाखवण्याची प्रथा पाडावी.